शेजार कुणाचा?

घराचे खरेदीखत होते, शेजाराचे होत नाही. मग शेजार निवडण्याचा हक्क कुणाला असावा का?

इंग्लंडात बर्मिंगहॅमला लागून स्मेदिक आहे. तिथल्या मार्शल स्ट्रीट या छोट्या गल्लीतील गोऱ्या रहिवाशांनी १९६४-६५ मध्ये नगरपालिकेकडे मागणी केली की, विकायला निघालेली घरे तुम्हीच घ्या आणि फक्त गोऱ्यांना द्या. पालिकाही राजी झाली. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम एक्स त्या गल्लीत येऊन गेले. नऊच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. सरकारने पालिकेला कर्ज नाकारले, आणि १९६८ च्या कायद्याने घरविक्रीतला वर्णभेद बेकायदा ठरवला.

नाव सांगताच 'खोली गेली' हे उत्तर मुंबईत ऐकणाऱ्या आम्हांला त्या गल्लीचे दुःख समजावून सांगावे लागत नाही. पण आमच्या मोहल्ल्यातले घर विकायला निघाले, तर कोणते गिऱ्हाईक आम्हांला चालेल? भीतीपोटी एकत्र राहणे वेगळे, दुसऱ्याला दार बंद करणे वेगळे. भीती मुरली की हा फरक पुसतो. शेजाऱ्याचा हक्क आम्हांला लहानपणी शिकवला गेला, तेव्हा त्याचा मजहब विचारा, असे कुणी सांगितले नव्हते. जो न्याय आम्ही मागतो, तो आमच्या गल्लीतही लागू असला पाहिजे.