हरण्याचा हक्क

परवा कल्याणला विहारात बैठक सुटल्यावर एक साथी म्हणाला, "आपली एखादी पोरगी देशासाठी खेळली, मेडल घेऊन आली, की बघ, जात आपोआप गळून पडंल." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. रात्री भिवंडीत लूमवर उभा राहिलो आणि ते मान हलवणं सलायला लागलं.

२०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बायकांची दहा हजार मीटरची शर्यत झाली. पुढे केनियाच्या दोघी, तिसरी आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. आदिवासी घरातली. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी पहिली भारतीय बाई. पेपरांनी लिहिलं, पोरगी लांबून पाणी आणायची, अनवाणी पळायची. वाचून छाती फुगली. मग वाटलं, ही तर हंड्याचीच आरती झाली. जी पोरगी तोच हंडा वाहते पण पळत नाही, तिच्या पायांना कोण विचारतो?

आणि जी पळूनही हरते तिला?

२०२१. टोकियो ऑलिंपिक. हॉकीत वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेवर तीन गोल मारले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय बाई. चारच दिवसांनी टीम सेमीफायनलला अर्जेंटिनाकडून हरली. हरली अख्खी टीम. पण फटाके फुटले ते हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर. जातीवरून शिव्या दिल्या, अशी घरच्यांनी पोलिसात तक्रार केली. म्हणजे जिंकली तोवर देशाची, हरली की जातीची. चार दिवसांचं भाड्याचं माणूसपण!

हे जुनंच आहे. पळवणकर बाळू. चांभाराचा पोर. पुण्यात त्याच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालायचा, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ ला इंग्लंडात त्यानं ११४ विकेटी काढल्या. तरी हिंदूंच्या टीमची कप्तानी त्याला कधी दिली नाही. १९२० ला बाळूला वगळलं, विठ्ठलला डावललं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे त्याचे भाऊ टीममधून बाहेर पडले. जाहीरपणे. १९२३ ला विठ्ठल कप्तान झाला. विकेटींनी त्यांच्या शब्दाला वजन आलं, हे मी नाकारत नाही. पण नुसत्या विकेटींनी दार उघडत असतं तर १९११ लाच उघडलं असतं. ते हललं भावांच्या नकारानं.

मी लूमवर काम करतो. माझी मजुरी मीटरवर. जेवढं कापड, तेवढा पैसा. पण माणूसपणही मीटरवर मोजायचं? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, तेव्हा बरोबरच्या हजारोंपैकी कोण कुठली शर्यत जिंकून आला होता? बाबासाहेबांनी पदव्या दाखवून पाणी मागितलं नाही. माणूस आहोत म्हणून ओंजळ भरली. तिथं गेलेल्या अडाणी म्हातारीचाही हक्क तेवढाच, ओंजळभर.

म्हणून मला वाटतं, समतेची खरी परीक्षा जिंकण्यात नाही, हरण्यात आहे. ज्याला हरूनही माणूस म्हणून घरी येता येतं, तो मोकळा. वरच्या जातीचा पोरगा शून्यावर आऊट झाला तर त्याच्या बापाची जात कुणी काढत नाही. आपल्याला तो शून्य पाहिजे.

आता माझी गोष्ट. धाकटी बहीण कबड्डी खेळते. मागच्या साली डोंबिवलीत तिची टीम पहिल्याच फेरीत हरली. गुडघा सोलवटून घरी आली. मी म्हणालो, "मग कशाला जातीस मरायला?" जिंकली असती तर मीच चौकात बॅनर लावला असता, कोपऱ्यात माझ्या फोटोसकट. ती काही बोलली नाही. चूल तिनंच पेटवली.

त्या रात्री मातीच्या भांड्यात चहा देणारा मीच होतो.

साथींनो, मेडलची वाट बघू नका. पोरींसाठी मैदान मागा. आणि हरून आल्या की त्यांच्या आधी उठून चहा ठेवा.

जय भीम.