पाहुणा नको, सुतार हवा

चॅटजीपीटीला सांगून पाहा : तू ओसाकातला सोळा वर्षांचा मुलगा आहेस, माझ्याशी सोप्या इंग्रजीत बोल. लगेच मुलगा हजर. त्याला ॲनिमे आवडतं, बेसबॉल आवडतो आणि चेरीच्या बहराची तो वाट पाहत असतो. काहीही विचारा, तो चिडत नाही, गप्प बसत नाही, तुमचं मोडकंतोडकं इंग्रजी बिनबोभाट समजून घेतो. परदेशी वर्गाशी इंग्रजीतून गाठ घालून देण्याआधी मुलांना अशा पोराबरोबर आठवडाभर बोलायला बसवावं, अशी टूम हल्ली निघाली आहे. मला ती पटत नाही. खऱ्या ओळखीत जे जड जातं, नेमकं तेच यात वगळलेलं असतं.

दूरच्या वर्गांची गाठ घालण्याचा उद्योग जुना आहे. 1926 साली फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या प्राथमिक शिक्षकाने भूमध्य समुद्राकडच्या बार-स्यूर-लू गावातल्या आपल्या मुलांचा पत्रव्यवहार अटलांटिक किनाऱ्यावरच्या एका शाळेशी जुळवला. वर्गात छपाईचं छोटं यंत्र होतं. मुलं एकेक खिळा जुळवून स्वतःचा मजकूर छापत. एवढी खटपट करायची तर सांगण्यासारखं काय आहे, हे आधी ठरवणं आलंच. वेगळी तयारी करून घ्यायची गरज कुठे उरते? पुढे 1997 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत ‘कल्चुरा’ हा उपक्रम सुरू झाला. अमेरिकी आणि फ्रेंच विद्यार्थी एकाच प्रश्नावलीला उत्तरं देत : सुपरमार्केटात एखादी आई मुलाला थप्पड मारताना दिसली तर? रांगेत कुणी मध्येच घुसलं तर? उत्तरं शेजारी शेजारी मांडली जात आणि त्यांवरची चर्चा प्रत्येकजण आपापल्या भाषेत करी, म्हणजे मनातलं पुरतं मांडता यावं. जपान आणि सोलापूरच्या मुलांना ही चैन परवडत नाही. दोघंही उसन्या इंग्रजीत बोलणार, आणि समोरच्याचं इंग्रजी आपल्यापेक्षा बरं असेल ही धास्ती दोघांनाही.

सोलापूरचं नाव उगाच घेतलेलं नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा वैर असलेल्या देशांतल्या मुलांना ऑनलाइन एकत्र आणणारा त्यांचा ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ हा उपक्रम गाजला. तेव्हा गाठ पडू शकते का, हा प्रश्न मिटलेला आहे. पडल्यावर मुलं बोलणार काय, हा शिल्लक आहे.

आपल्या मुलांचं व्याकरण कच्चं असतं, पण खरी अडचण पाठांतराची. दिवाळीबद्दल विचारलं की ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’ हा निबंध धडाधड बाहेर पडतो.

आता समजा, एखाद्या शिक्षिकेने एआयला मराठीत सांगून एक छोटं वेबपान बनवून घेतलं. एकाच फाइलचं, एकदा फोनवर उतरवलं की नेट नसलं तरी चालतं. पानावर प्रसंग येतो : तू मोठं पत्र लिहिलंस, तीन दिवसांनी पलीकडच्या मुलीचं उत्तर आलं, ‘आय सी. थँक यू.’ आता? माफी मागायची, गप्प बसायचं, की एखादी छोटी, नेमकी गोष्ट विचारायची? कुठलंही बटण दाबा, चूक-बरोबरचा शेरा येत नाही. काय झालं असू शकेल, ते उलगडतं : तिकडे परीक्षा आहे, तुझा प्रश्न कळला नाही, पण तसं सांगायला तिला संकोच वाटतो. दुसरा प्रसंग : तू दुसऱ्याच वाक्यात ‘वडील काय करतात?’ विचारलंस आणि पलीकडे शांतता. (एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही आपल्याला हे विचारतो, त्यामुळे यात खटकण्यासारखं काय, हेच मुलांना आधी कळत नाही.) शेवटी दिवाळीवर चार ओळी लिहायची चौकट. त्यात ‘फेस्टिव्हल ऑफ लाइट्स’ टाइप केलं की खाली मराठीत उमटतं : हे गाइडातही आहे. तुझ्या घरी काय झालं?

या शेवटच्या करामतीला बुद्धिमत्ता लागत नाही. शिक्षिकेने दिलेली ठोकळेबाज वाक्यांची यादी पुरते. एआयचं काम वर्ग भरण्याआधी संपलेलं असतं. सुतार दार बसवून निघून जावा तसं. मुलांचं बोलणं कुठल्या कंपनीकडे जात नाही. तेरा वर्षांखालच्यांना चॅटजीपीटीची मनाई आहे, अठराखालच्यांना पालकांची संमती लागते. तोही घोर मिटतो. आणि पानावरचा शब्द न् शब्द शिक्षिकेला आधी वाचता येतो. तो वाचायलाच हवा, कारण पहिल्या खर्ड्यात ‘जपानी मुलं लाजाळू असतात’ छापाची वाक्यं हमखास डोकावतात. ती खोडून पान पलीकडच्या शिक्षकांनाही दाखवावं.

उच्चारांना गुण देण्याची सोय मात्र मी त्यात ठेवणार नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच बड्या अमेरिकी कंपन्यांच्या बोलणं ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या होत्या. गोऱ्या अमेरिकनांच्या शंभर शब्दांत सरासरी 19 चुका, कृष्णवर्णीयांच्या शंभरात 35. घरच्याच माणसांना असं ऐकणारं यंत्र बार्शीच्या मुलाला काय न्याय देणार? भाषाअभ्यासक जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 सालीच दाखवून दिलं की, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या दोन माणसांच्या संभाषणात ‘थिंक’मधला ‘थ’ अस्सल नसला तरी अडत नाही. स्वर आखूड की लांब, यावर मात्र अडतं. म्हणजे ह्रस्व-दीर्घाचं आपलं जुनं दुखणं इथेही आहेच.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती पुढची पायरी : मुलांनीच पलीकडच्या वर्गासाठी असं पान शिक्षिकेकरवी सांगून बनवून घ्यायचं. आपल्याकडे येणारा कुठे गोंधळेल? एक म्हणेल, सरांना नावाने हाक मारायची नसते, हे घाला. दुसरीला फराळाच्या ताटांची देवाणघेवाण घालायची असेल. शेजारचं ताट रिकामं परत करायचं नसतं, हे तिकडच्यांना कसं कळणार? तिसरा उन्हाळ्यातल्या पाण्याच्या टँकरचं नाव काढेल आणि चौथी भडकेल : ते कशाला सांगायचं त्यांना? टँकर ठेवायचा की गाळायचा, यावर वर्गात दोन तट पडतील. शिक्षिकेने त्यात इतक्यात पडू नये. पान पाठवायला आठवडा उशीर झाला तरी चालेल.