डिस्क तीच, साक्षीदार बदलला

नागसेन आणि राजा मिलिंद यांच्यातला रथाचा संवाद प्रसिद्ध आहे. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणतो. शेवटी ठरतं ते असं, की हे भाग एकत्र आल्यावर त्यांना व्यवहारासाठी दिलेलं नाव म्हणजे रथ. मग भाग बदलत गेले तर रथ तोच राहतो का? शतकानुशतकं असे प्रश्न वादविवादापुरते होते. त्यांच्या उत्तरावर कुणाचं काम अडत नव्हतं.

२००१मध्ये विंडोज एक्सपीसोबत ‘प्रॉडक्ट अ‍ॅक्टिव्हेशन’ आलं आणि काम अडू लागलं. एक परवाना एकाच कॉम्प्युटरवर चालावा, तर तो कॉम्प्युटर ओळखता यायला हवा. मायक्रोसॉफ्टने प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, रॅम अशा दहा गोष्टींवरून त्याचा एक ठसा तयार केला. एखादी गोष्ट बदलली तर चालेल. ठरावीक मर्यादेपलीकडे बदलल्या, तर हा कॉम्प्युटर दुसराच. परवाना पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा. रथ कधी रथ राहत नाही याचा आकडा ठरला, आणि तो ठरवला विकणाऱ्याने.

व्हिस्टाच्या काळात, २००७मध्ये, गोष्ट आणखी पुढे गेली. नुसता ड्रायव्हर अपडेट केल्यावरही ‘हार्डवेअर बदललंय’ असं व्हिस्टा सांगू लागल्याच्या तक्रारी आल्या. ड्रायव्हर हा हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातला दुभाष्या. सिस्टीम डिस्ककडे थेट पाहत नाही. ड्रायव्हर सांगेल तेवढंच तिला कळतं. नव्या ड्रायव्हरने त्याच डिस्कची ओळख वेगळ्या नावाने करून दिली, की तिच्या लेखी डिस्क नवी. म्हणजे चाक बदललं नाही, आस बदलली नाही. रथाबद्दल सांगणारा तेवढा बदलला. आणि मुदतीत अ‍ॅक्टिव्हेशन झालं नाही, तर तासभर ब्राउझर वापरायचा आणि मग आपोआप लॉग-आउट. ही शिक्षा २००८च्या सर्व्हिस पॅकमध्ये काढून टाकण्यात आली.

२००७च्याच ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टच्या पडताळणी सर्व्हरवर चुकून अर्धवट तयारीचा कोड चढला. सुमारे १९ तास अस्सल प्रतीसुद्धा बनावट ठरत होत्या. चूक कंपनीची, पण ‘तुमची प्रत खरी नाही’ हे वाक्य वाचायचं मात्र पैसे मोजलेल्या माणसाने.

चोरी होते, हे खरं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या कष्टाचे पैसे बुडू नयेत, हेही खरं. त्यामुळे पडताळणीच मुळात अन्यायाची आहे, असं म्हणता येणार नाही. पण तिचा त्रास कुणाला होतो ते पाहा. ज्याने क्रॅक केलेली प्रत टाकली, त्याने ही तपासणीच काढून टाकलेली असते. संदेश येतो तो प्रामाणिक माणसाला. नियम पाळणाऱ्यालाच पुन:पुन्हा पुरावा मागणारा नियम कुठेतरी उलटा बसवलेला असतो.

प्रश्न कॉम्प्युटरपुरता राहिलेला नाही. २०१६पासून विंडोज १०चा परवाना मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडता येतो. सोय झाली, पण त्याबरोबर ओळख यंत्रावरून माणसाकडे सरकली. आणि माणसांची ओळख यंत्राने पटवायची वेळ आपल्याकडेही आलीच आहे. रेशन दुकानात अंगठा जुळत नाही तो बहुतेकदा ज्याच्या हातावरच्या रेषा कामाने झिजल्या आहेत त्याचा. अंगठा त्याचाच असतो. माणूसही तोच असतो. समोरच्या यंत्राला तो पटत नाही, एवढंच. इथे लॉग-आउट होतो तो महिन्याच्या धान्यातून.

यंत्राला शंका येणारच. कुठलीही खूण शंभर टक्के खात्रीची नसते. नैतिक प्रश्न पुढचा आहे: शंका आहे तोवर नुकसान कुणी सोसायचं? मला वाटतं, बंद करण्याचं बटण ज्याच्या हातात आहे त्याने. संशय घ्यायचा तर घ्यावा, पण तो फिटेपर्यंत काम चालू ठेवावं, धान्य देत राहावं, आणि तक्रार ऐकायला एक हाडामांसाचा माणूस बसवावा. यात कंपनीचे किंवा सरकारचे थोडे पैसे बुडतील. उलट केलं तर खऱ्या माणसाला स्वतःचं खरेपण सिद्ध करत रांगेत उभं राहावं लागेल, आणि ते नुकसान कुठल्याच हिशेबात दिसणार नाही.