नियत आणि नेम

कुणाच्या हातून नुकसान झाले की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते, 'त्याची नियत वाईट नव्हती.' अमलाचे मोल नियत पाहून ठरते, हे आपण लहानपणापासून शिकतो आणि ते खरेच आहे. पण नियत चांगली असली म्हणजे जबाबदारी संपते का? हा प्रश्न मला बंदुकीच्या निमित्ताने तपासून पाहावासा वाटतो.

आमचे पिशोर कन्नड तालुक्यात; याच तालुक्यात गौताळ्याचे अभयारण्य आहे. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत मक्याचे काय करतात, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पिकाची नासाडी करणारे असे जनावर मारायलाही वन विभागाची परवानगी लागते. तो कागद हाती आला की कायद्याचा प्रश्न मिटतो. पण आपली बंदूक नेमकी कुठे मारते, हे त्या माणसाला ठाऊक असते का?

दुर्बीण नसलेल्या रायफलीला दोनच खुणा असतात. डोळ्याकडे खाच आणि नळीच्या टोकाला माशी. (उर्दूत तिला मक्खी म्हणतात. दोन्ही भाषांना तिथे एकच कीटक दिसावा, याची मौज वाटते.) माशी खाचेच्या मधोमध, दोघींचे माथे एका पातळीत. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसते, म्हणून नजर माशीवर ठेवायची. लक्ष्य थोडे धूसर झाले तरी चालते. नवशिका नेमके उलट करतो. तो जनावराकडे टक लावून बसतो आणि माशी सरकल्याचे त्याला कळतही नाही.

एवढे साधले तरी गोळी तिथेच जाईल असे नाही. म्हणून मागे मातीचा भक्कम बांध पाहून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, कागदावरच्या एकाच बिंदूवर तीन-चार गोळ्या झाडतात. एनसीसीत याला ग्रुपिंग म्हणतात. गोळ्या विखुरल्या तर दोष बहुधा श्वासाचा, हाताचा, चाप ओढण्याचा. तेव्हा खुणांना हात लावायचा नाही. गोळ्या एका जागी जमल्या, पण जागा चुकली, तरच खूण हलवायची. एका गोळीवरून काहीच ठरवायचे नाही. एका उत्तरावरून मुलाला 'ढ' ठरवणाऱ्या शिक्षकांना हे एकदा दाखवायला हवे.

मागची खाच ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला गोळी जाते, माशीचे उलटे. दोन्ही खुणांत ६० सेंटिमीटर अंतर असेल आणि ६० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर डावीकडे लागत असेल, तर खाच उजवीकडे फक्त १ मिलिमीटर सरकवायची. गोळी खाली लागत असेल आणि खाच उचलण्याची सोय नसेल, तर माशी कानशीने घासतात. दोन हात कानशी, मग पुन्हा गोळ्या. घासलेले लोखंड परत चिकटवता येत नाही.

त्या एका मिलिमीटरने छातीतली गोळी पोटात जाते. जनावर जागेवर पडत नाही, झुडपात शिरते आणि मरायला रात्र लागते. मारणाऱ्याची नियत तर फक्त पीक वाचवण्याची होती! जबह करताना सुरीला धार करून घ्यावी, जनावराला त्रास देऊ नये, असा हदीसमध्ये आदेश आहे. धार लावणे हे आधीचे काम आहे, चांगल्या नियतीने ते आपोआप होत नाही. अदी बिन हातिम यांना सांगितलेली आणखी एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. बाण लागलेले जनावर पाण्यात मेलेले सापडले तर ते खाऊ नये, कारण ते बाणाने मेले की पाण्याने, हे ठाऊक नाही. ठाऊक नसणे ही तिथे सबब ठरत नाही, ते हात आवरण्याचे कारण ठरते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेही दुर्बिणीशिवाय. अशा स्पर्धेतसुद्धा आधी गुणांत न धरलेल्या गोळ्या झाडून खुणा जुळवू देतात. शेतातल्या पहिल्या गोळीला ती सवलत नाही.

काडतूस महाग, परवान्यावर मोजून मिळते, मग कागदावर गोळ्या कशा घालवायच्या, असे शेतकरी म्हणेल. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण मग ज्या अंतरावर आपल्या गोळ्या वितीभर जागेत जमतात, हे त्याने पाहिलेले आहे, तिथवरच त्याने जनावर येऊ द्यावे. त्यापलीकडे ते उभे असेल तर चाप ओढू नये, त्या रात्रीचा मका गेला तरी.