वाटेचें ऋण

ज्या वस्तूचें आपण मोल दिलें ती जपावी आणि जी फुकट मिळाली ती नुसती वापरावी, हा मनुष्यस्वभाव इतका जुना आहे कीं, त्याबद्दल कोणी कोणास दोषहि देत नाहीं. घरचा तांब्या चिंचेनें घासून लखलखीत ठेवणारा मनुष्य गांवच्या पाणवठ्यावर खुशाल चूळ भरतो. आपल्या अंगणांत रोज सडासंमार्जन करणारें घर आपला केर शेजारच्या बोळांत लोटतें. जें माझें तें जपण्याजोगें आणि जें सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं, असा हा हिशेब आहे. हा हिशेब चुकतो हें आपण सर्वच जाणतों. पण नेमका कोठें चुकतो हें सांगावयास बसलें म्हणजे तें वाटतें तितकें सोपें जात नाहीं. प्रस्तुत लेखांत ह्या प्रश्नाचा विचार आम्ही एका लहानशा, कदाचित् अनेकांस क्षुल्लक वाटणाऱ्या उदाहरणावरून करणार आहों. तें उदाहरण डोंगरी सायकलीचें होय.

ही सायकल आपल्या परिचयाच्या काळ्या, उंच, दूधवाल्याच्या सायकलीच्याच कुळांतली. परंतु तिचें वळण निराळें. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं मॅरिन परगण्यांतील माउंट टॅमल्पैस ह्या डोंगरावरून कांहीं तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन खालीं उतरूं लागले. १९७६ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं उताराची शर्यत लाविली. उतरतांना मागच्या ब्रेकमधलें वंगण तापून जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे, म्हणून त्या शर्यतीस ‘रीपॅक’ असें नांव पडलें. १९७७ सालीं जो ब्रीझ ह्यानें केवळ ह्याच कामासाठीं सायकलीचा सांगाडा घडविला. १९८१ पासून अशा सायकली कारखान्यांतून मोठ्या संख्येनें निघूं लागल्या. आणि १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत ह्या खेळास स्थान मिळालें.

आज ह्या सायकलीच्या पुढच्या चिमट्यांत धक्के झेलणाऱ्या नळ्या असतात, ब्रेक तेलाच्या दाबानें लागतात, आणि टायरांत ट्यूबेऐवजीं पंक्चर आपोआप बुजविणारा द्रव असतो. स्वाराच्या डोक्यावर शिरस्त्राण, गुडघ्यांवर व कोपरांवर कवचें, पाठीवर पाण्याची पिशवी. सायकलीची किंमत लाखाच्या घरांत सहज जाते. तिला डोंगराच्या पायथ्याशीं नेण्यासाठीं मोटारीच्या पाठीस लोखंडी मांडणी बसवितात. म्हणजे माणसास वाहून नेण्यासाठीं केलेलें वाहन स्वतःच दुसऱ्या वाहनावर बसून जातें. घरीं आल्यावर तिची माती धुतात, चेन पुसून तीस तेल घालतात, आणि पावसाळ्यांत गंज चढूं नये म्हणून कोरड्या खोलींत भिंतीच्या आंकड्यास तिला टांगून ठेवितात.

ह्या काळजींत आम्हांस गैर कांहींच दिसत नाहीं. साधन नीट ठेवणें हा सद्गुण आहे. खंडेनवमीस सुतार आपल्या पटाशीची आणि लोहार आपल्या हातोड्याची पूजा करितो, ती कांहीं उगीच नव्हे. ज्याच्यावर आपलें काम अवलंबून आहे त्याविषयींची कृतज्ञता तींत असते. परंतु सायकलस्वाराचें काम ज्यावर अवलंबून आहे अशी वस्तु सायकल ही एकटीच आहे काय? भिंतीवरून उतरलेली सायकल ज्या वाटेवर धांवते त्या वाटेस तेल कोण घालतो? सायकल विकत मिळते, मांडणी विकत मिळते, आंकडाहि विकत मिळतो. वाट तेवढी कोठल्याहि दुकानांत मिळत नाहीं. आणि म्हणूनच तिच्याविषयीं आपलें कांहीं कर्तव्य आहे, हें ध्यानांत येत नाहीं.

हा प्रश्न आम्हीं जळकोटच्या संदर्भांत मांडावा ह्यास कारण आहे. लातूर जिल्ह्याचा हा तालुका नांदेड जिल्ह्याच्या शिवेस लागून आहे. बालाघाटाच्या रांगांचा हा प्रदेश. माथ्यावर मुरमाड माळ, उतारावर झुडपें, आणि तळाशीं काळें रान. पुण्या-नाशिकचे स्वार सह्याद्रींत जें शोधीत हिंडतात, तें येथें गांवाबाहेर पाऊल टाकतांच सुरू होतें. आज येथें त्यांची वर्दळ नसली तरी मोटारीस अंतर उरलेलें नाहीं, आणि आपल्याच गांवचीं शिकलेलीं मुलें पुण्याहून परततांना हा छंद बरोबर घेऊन येणार, हें सांगावयास ज्योतिषी नको. प्रश्न दारांत येऊन उभा राहण्यापूर्वीं त्याचा विचार झालेला बरा.

ह्या माळांवर वाट नाहीं असा तुकडा क्वचित् सांपडेल. गाडीवाट आहे, बांधावरची पायवाट आहे, दोन कुंपणांमधली पाणंद आहे, गुरांची वाट, शेळ्यांची वाट, विहिरीची वाट, शाळेची वाट आहे. मार्गशीर्षाच्या अखेरीस लोह्याजवळ माळेगांवीं खंडोबाची मोठी यात्रा भरते. तेथील बाजारास घोडीं, गाढवें, बैल हांकीत नेणाऱ्या माणसांनीं पिढ्यान्‌पिढ्या ह्या मुलखांतल्या वाटा तुडविल्या. ह्या वाटांचा कर्ता कोण? कोणी अभियंता नव्हता, नकाशा नव्हता, कोनशिला नव्हती. पाण्यास जाणाऱ्या बायका आणि गुराखी पोरें, ह्यांचीं नांवें कोठल्याच दप्तरांत नाहींत. त्यांच्या पायांनींच हें काम झालें. आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्य देवांचें, ऋषींचें आणि पितरांचें अशीं तीन ऋणें घेऊन जन्मास येतो असें सांगितलें. वाट हें आमच्या मतें तिसऱ्या ऋणांतलेंच एक कलम आहे. भेद इतकाच कीं, येथले पितर आपल्या कुळांतले असतीलच असें नाहीं.

पूर्वीं निदान मोठ्या वाटांच्या बाबतींत ह्या ऋणाचें कांहीं भान असावें. सातवाहनांच्या काळापासून वाहता असलेल्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आजहि उभा आहे, आणि तो जकातीचा होता असें परंपरा सांगते. रांजणांत नाणें टाकून पुढें जाणाऱ्या व्यापाऱ्यास वाट फुकट नसते एवढें तरी समजत होतें. माळावरच्या पायवाटेवर असा रांजण कोणी ठेवीत नाहीं. तेथें देणें द्यावयाचें तें आपल्या बुद्धीनेंच द्यावें लागतें.

येथें कोणी म्हणेल कीं, ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, तेथें लाखाची सायकल घेऊन डोंगर उतरण्याचा खेळ हाच मुळीं निंद्य विलास आहे. त्यास नीति कसली शिकवितां? हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. यात्रेंतल्या कुस्तीनें तरी कोणाचें पोट भरतें? तरीहि तिच्यावांचून यात्रा सुनी वाटते. आनंद हा अपराध नाहीं, आणि गरीब मुलखास खेळाचा अधिकार नाहीं असें म्हणणें हा गरिबांचाच अपमान आहे. खेळ कोणाच्या खर्चानें चालतो, एवढेंच पाहावयाचें.

आणि येथेंच वाटेच्या शास्त्राचा संबंध येतो. वाटेचा खरा वैरी चाकापेक्षां पाणी अधिक. डोंगराच्या उतारास सरळ खालीं उतरणारी वाट पहिल्या पावसांतच ओढ्याचें काम करूं लागते. मुरूम वाहून जातो, दगड उघडे पडतात, दोन-तीन वर्षांत तिची घळ होते. म्हणून वाटा बांधणारे जाणते लोक उतारास आडवी वाट काढितात. तिचा चढ डोंगराच्या चढाच्या अर्ध्याहून अधिक नसावा, सरासरीनें शंभर फुटांस दहा फुटांपलीकडे तो जाऊं नये, वाट बाहेरच्या अंगास किंचित् कलती असावी, आणि ठिकठिकाणीं तिला थोडा सखल भाग ठेवावा, म्हणजे पाणी तिच्यावरून वाहत न जातां तिला ओलांडून जातें, हे त्यांचे मुख्य नियम. परंतु वेगाची हौस नेमकी ह्याच्या उलट सांगते. सरळ उतारांत मौज अधिक. आणि एकानें काढलेली चाकोरी दुसरा खोल करितो.

आमच्या भागांत तर ह्याचा परिणाम वाटेपुरता राहत नाहीं. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार योजनेंत, आणि २०१६ सालीं अंबाजोगाईसह तीन तालुक्यांतून आरंभ झालेल्या पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेंत, मराठवाड्यांतल्या कितीएक उतारांवर समतल चर खणले गेले. पुष्कळ ठिकाणीं हें काम गांवकऱ्यांनीं उन्हाळ्यांत स्वतःच्या हातांनीं केलेलें आहे. चराचा कांठ एके ठिकाणीं चाकांनीं खचला कीं, सांठलेलें पाणी तेथूनच वाट काढतें आणि खालचा चरहि फोडतें. स्वारास त्याची खबरहि नसते. तो तोंवर मोटारीच्या पाठीस सायकल बांधून शहराच्या वाटेस लागलेला असतो. त्याच्या दहा मिनिटांच्या आनंदाचा खर्च कोणाच्या तरी विहिरीच्या खात्यांत मांडला जातो. काळ्या रानाचेंहि तसेंच. ओल्या मातींत चाक रुततें, आणि ती चाकोरी वाळून दगडासारखी झाली म्हणजे तींत गुराचा पाय मुरगळतो. पाऊस पडून गेल्यावर रान वाळेपर्यंत तेथें चाक घालूं नये, हा नियम स्वारानें सायकलीला तेल घालण्याच्या नियमाइतकाच पाळावयास हवा.

कायद्याकडे पाहावें तर तो हक्काविषयीं पुष्कळ आणि ऋणाविषयीं थोडें बोलतो. आपल्याकडे अडविलेली वहिवाटीची वाट मोकळी करून घेण्यासाठीं १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमान्वयें शेतकऱ्यास दुसऱ्याच्या शेताच्या हद्दीवरून वाट मागतां येते. वाटेवरून भाऊबंदकी किती पेटते हें खेड्यांतल्या कोणासहि विचारावें. हा हक्क मिळविण्यासाठीं ज्यांनीं तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या, त्यांच्या बांधावरून परका स्वार बिनदिक्कत निघून जातो, तेव्हां त्यांच्या मनांत काय येत असेल ह्याचा विचार आपण करावा. इंग्लंडांत १९६८ च्या कायद्यानें घोडेवाटांवर सायकलीस मुभा दिली, पण पायीं चालणारास आणि घोडेस्वारास आधीं वाट द्यावी अशी अट घालून दिली. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यानें रानावनांत फिरण्याचा हक्क सर्वांस दिला. तोहि जबाबदारीनें वागणारासच. ह्या दोन्ही कायद्यांत सौजन्यास हक्काचें अंग मानलें आहे, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन समोरून बाई येत असतां स्वारानें सायकलीवरून उतरून बाजूस उभें राहावें. तिनें भाऱ्यासकट बांधावरून खालीं उतरावें अशी अपेक्षा करणें हा रानटीपणा आहे, मग शिरस्त्राण कितीहि उंची असो.

अमेरिकेंतील स्वारांसहि हा धडा सुखासुखीं मिळाला नाहीं. मॅरिन परगण्यांत पायीं फिरणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार ह्यांच्यांत तंटे लागले, आणि अनेक पायवाटा सायकलींस बंद झाल्या. १९८८ सालीं कॅलिफोर्नियांतील मंडळांनीं मिळून एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापिला, आणि त्याच्या स्वयंसेवकांनीं हातीं कुदळ-फावडें घेऊन वाटा बांधण्याचें व दुरुस्त करण्याचें काम अंगावर घेतलें. स्वारांचें स्वागत व्हावयास ह्या घामाचा मोठा उपयोग झाला.

परंतु येथें एक सूक्ष्म मोह आहे, आणि आमच्या मतें ह्या सर्व विषयांतला तोच अवघड भाग होय. ज्यानें श्रम केले त्याची वाट झाली, असें चांगल्या मनुष्यासहि वाटूं लागतें. दोन रविवार खपून त्यानें दगड रचलेले असतात. मग शेळ्यांनीं ते ढकलले म्हणजे त्यास शेळ्यांचा राग येतो, आणि ह्या लोकांस कदर नाहीं असें तो म्हणूं लागतो. ज्या लोकांची ती वाट, तेच तिच्यावर उपरे ठरतात! श्रमानें मालकी येते हें तत्त्व ओसाड जमिनीस लागू असेल. गायरानास, राखीव वनास आणि दुसऱ्याच्या बांधास तें लागू नाहीं. तेथें कुदळ मारण्यापूर्वीं ग्रामसभेस, वनखात्यास, किंवा त्या शेतकऱ्यास विचारावें लागतें. न विचारतां केलेला उपकार हें अतिक्रमणच. वाट दुरुस्त करणारानें ती मिळविली असें नाहीं, आपल्याकडे असलेलें देणें त्यानें थोडें फेडलें. देणेकऱ्यानें हप्ता भरला म्हणून सावकाराचें घर त्याचें होत नाहीं.

मग हें ऋण कोणत्या वाटेवर फेडावें? शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींस शाळेस जाण्यासाठीं सायकली देण्यांत आल्या. त्या सायकलींच्या चिमट्यांत धक्के झेलणाऱ्या नळ्या नाहींत. पाणंदेंतला प्रत्येक दगड मुलीच्या मनगटास कळतो. पावसाळ्यांत चिखल झाला कीं ती सायकल ओढीत नेते, किंवा त्या दिवशीं शाळा बुडते. डोंगराच्या वाटेवर मौजेसाठीं वळणें बांधणारा स्वार आणि ही मुलगी दोघेहि सायकलच चालवितात. पण एकास खडक हवा असतो आणि दुसरीस तो नको असतो. डोंगरावरची वाट नीट ठेवणें हें स्वाराचें स्वतःच्या खेळाविषयींचें कर्तव्य झालें. तें त्यानें करावेंच. परंतु पितरांचें ऋण म्हणून आम्हीं वर जें सांगितलें, तें ह्या मुलीच्या पाणंदेंत एक चर काढून, दोन टोपल्या मुरूम टाकून अधिक खरेपणानें फिटेल. कारण तेथें फेडणाराचा स्वतःचा आनंद गुंतलेला नाहीं.

म्हणून जळकोटच्या डोंगरांत उद्यां ज्या मोटारी येतील, त्यांनीं पाठीवर सायकल जरूर आणावी; पोटांत एक कुदळ, एक फावडें आणि दोन टोपल्याहि आणाव्या. आधीं गांवांत थांबून वाट विचारावी, आणि कोणती वाट मोडली आहे तेंहि विचारावें. निम्मा दिवस त्या वाटेवर घालवून उरलेला निम्मा डोंगरावर घालविला, तर त्या स्वारीची लज्जत कमी होईल असें आम्हांस वाटत नाहीं.