उपेक्षित गायक आणि रसिकाचें ऋण

एखादी गोष्ट चांगली आहे हें आपणांस कळलें, आणि जगाच्या मात्र ती कानींही गेलेली नाहीं, तर त्या ज्ञानामुळें आपणांवर कांहीं कर्तव्य येऊन पडतें काय? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. एखाद्या दीनाचें दुःख दृष्टीस पडलें असतां त्यास मदत करणें हें कर्तव्य होय, याविषयीं कोणी वाद घालीत नाहीं. परंतु एखादें गाणें ऐकून आनंद झाला, तर त्या आनंदाची फेड करावी लागते असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पैसे मोजले, गाणें ऐकलें, व्यवहार संपला, अशीच आपली समजूत असते. तथापि जगांत एक वर्ग असा आहे कीं, त्याचें एवढ्यानें समाधान होत नाहीं. ज्यांचें नांव कोणी घेत नाहीं अशा गायकांविषयीं, आणि नुकत्याच निघालेल्या ध्वनिमुद्रिकांविषयीं, हे लोक पदरमोड करून लिहीत असतात. त्यांना कोणी नेमलेलें नसतें आणि बहुधा मोबदलाही मिळत नसतो. त्यांच्या या उद्योगाकडे केवळ एक छंद म्हणून पाहावें, कीं त्यांत कांहीं धर्म आहे असें मानावें, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

या वर्गाचा इतिहास अमेरिकेंत चांगला सांपडतो. तेथील तरुणांचें ‘रॉक’ संगीत भरास आलें, तेव्हां त्याविषयीं गंभीरपणें लिहिण्याची प्रतिष्ठित पत्रांना फारशी गरज वाटत नसे. १९६६ च्या फेब्रुवारींत पॉल विल्यम्स नांवाच्या, स्वार्थमोर कॉलेजांत शिकणाऱ्या १७ वर्षांच्या मुलानें ‘क्रॉडॅडी’ नांवाचें पत्र स्वतःच काढलें. त्याचा पहिला अंक म्हणजे सायक्लोस्टाइलवर काढलेलीं थोडींशीं पानें होतीं. पुढें १९७२ सालीं लेनी के या लेखकानें ‘नगेट्स’ नांवाचा दोन तबकड्यांचा संग्रह संपादिला. एखाददुसऱ्या गाण्यापुरते चमकून विस्मृतींत गेलेल्या अनेक बँडांचीं गाणीं त्यांत होतीं, आणि त्यांपासून पुढच्या पिढीच्या कित्येक वादकांनीं स्फूर्ति घेतली. बँड म्हटला कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें लग्नाची वरात उभी राहील. परंतु येथें अभिप्रेत आहे ती चारपांच जणांची, स्वतःच गाणीं रचून स्वतःच वाजविणारी व गाणारी मंडळी.

अशाच एका बँडची हकीकत आमच्या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पाडते. टेनेसी संस्थानांतील मेम्फिस शहरीं १९७१ सालीं अ‍ॅलेक्स चिल्टन, ख्रिस बेल, अँडी हमेल व जोडी स्टीफन्स या चौघांनीं ‘बिग स्टार’ नांवाचा बँड काढला. नांव मोठें असलें तरी तें घेतलें होतें जवळच्या वाणसामानाच्या दुकानावरून! चिल्टन हा नवखा नव्हता. १९६७ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, त्यानें दुसऱ्या एका बँडबरोबर गाइलेलें ‘द लेटर’ हें गाणें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें होतें. १९७२ सालीं बिग स्टारची ‘नंबर वन रेकॉर्ड’ ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. टीकाकारांनीं तिची मनापासून स्तुति केली. परंतु ती वाचून दुकानांत गेलेल्या गिऱ्हाइकाच्या हातीं तबकडीच पडेना. वितरणाची व्यवस्था ज्या कंपनीकडे होती तिला तें काम झेपलें नाहीं; पुढें तें दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे गेलें, तरी परिस्थिति सुधारली नाहीं. निराश होऊन बेल बँड सोडून गेला, आणि बँड जवळजवळ मोडला.

१९७३ च्या मे महिन्यांत संगीतावर लिहिणाऱ्या तरुण लेखकांचें एक संमेलन मेम्फिस येथेंच भरविण्यांत आलें. उरलेले तिघे त्यांच्यापुढें वाजविण्यासाठीं एकत्र जमले. ज्या गाण्यांना बाजारांत गिऱ्हाईक नव्हतें, त्यांवर हे लेखक बेहद्द खूष झाले. त्या उत्साहानें धीर येऊन तिघांनीं पुन्हां काम आरंभिलें, आणि १९७४ सालीं ‘रेडिओ सिटी’ ही दुसरी ध्वनिमुद्रिका बाहेर पडली. तीही खपली नाहीं. तिसरी मुद्रित होऊन पडून राहिली, ती १९७८ सालीं प्रसिद्ध झाली.

यावर कोणी म्हणेल कीं, काळ हा खरा परीक्षक आहे. सोनें असेल तर तें केव्हां तरी चमकेलच, मग रसिकानें एवढी धडपड कां करावी? आपल्या भवभूतीनेंही काळ अनंत आहे व पृथ्वी विशाल आहे, तेव्हां आपला समानधर्मा कोठें तरी जन्मास येईलच, अशा विश्वासानें मनाचें समाधान करून घेतलें होतें. हा विश्वास कवीला शोभतो. परंतु रसिकानें त्याचा आश्रय करणें म्हणजे आपलें काम काळाच्या गळ्यांत बांधणें होय. काळ स्वतः कांहींच पारखीत नाहीं. कोणी तरी जपून ठेवलेलें तेवढें तो पुढच्याच्या हातीं देतो. भवभूतीचीं नाटकें आपणांपर्यंत आलीं तीं, पिढ्यान् पिढ्या कोणी तरी पोथ्या नकलून ठेवल्या म्हणून. शिवाय लोकांनीं ऐकून नाकारलेलें गाणें आणि लोकांच्या कानींच न पडलेलें गाणें, यांत महदंतर आहे. पहिल्याचा न्याय झाला, मग तो चुकीचा कां असेना. दुसऱ्याचा खटला उभाच राहिला नाहीं. बिग स्टारचें गाणें लोकांना आवडलें नाहीं असें म्हणणें वस्तुस्थितीस सोडून आहे; बहुसंख्य लोकांनीं तें ऐकलेंच नव्हतें. अशा प्रसंगीं ज्याच्या कानीं तें पडलें आहे तो साक्षीदार ठरतो, आणि साक्षीदारानें गप्प बसणें हें निर्दोष वर्तन नव्हे. रसिकाचें ऋण आम्ही म्हणतों तें हेंच.

परंतु साक्ष ही खरी असली पाहिजे. येथें या लेखकांपुढें पहिला मोह उभा राहतो. उपेक्षा हा जणूं एक गुणच आहे असें त्यांना हळूहळू वाटूं लागतें. जें कोणी ऐकत नाहीं तें श्रेष्ठ, आणि जें सर्वांच्या तोंडीं आहे तें हलकें, असा उफराटा न्याय मग सुरू होतो. जगांत उपेक्षित गाणीं असंख्य आहेत, आणि त्यांतील बहुतेक उपेक्षेसच योग्य आहेत, हें कटु असलें तरी सत्य आहे. दयेपोटीं सामान्य गायकाची थोरवी गाणारा लेखक त्या गायकाचें हित करीत नाहीं, आणि ज्याच्यासाठीं उद्यां खरोखर रदबदली करावी लागेल त्याच्या वाट्याचा वाचकांचा विश्वास मात्र आजच खर्चून बसतो. ज्याला ‘ही ध्वनिमुद्रिका साधली नाहीं’ असें लिहितां येतें, त्याच्याच ‘ही अवश्य ऐका’ या शब्दांना वजन असतें.

दुसरा मोह याहून सूक्ष्म आहे. जें आपण शोधून काढलें तें आपलें, ही भावना मनुष्यस्वभावांतच आहे. पुष्कळ चाहत्यांचें असें होतें कीं, बँड अज्ञात असेपर्यंत ते त्याचे भाट असतात, आणि तो लोकप्रिय झाला कीं, ‘आतां पूर्वीची गोडी राहिली नाहीं’ म्हणून तोंड फिरवितात. गायक खरोखर बिघडला असेल तर गोष्ट निराळी. परंतु गाणें तेंच असतां केवळ ऐकणारे वाढले म्हणून ज्याचा आनंद उणा होतो, त्याचें प्रेम गाण्यावर नसून आपल्या चतुराईवर होतें, असेंच म्हटलें पाहिजे. शेजाऱ्यालाही तेंच गाणें आवडूं लागलें म्हणजे आपणांस काय वाटतें, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें. बिग स्टारच्या चाहत्यांनीं या बाबतींत चांगला कित्ता घालून दिला. कांहींनीं स्वतःचे बँड काढले व ते उघडपणें आपल्या गुरूंचें नांव घेऊं लागले. ‘द रिप्लेसमेंट्स’ या बँडनें तर १९८७ सालीं चिल्टनच्याच नांवाचें गाणें प्रसिद्ध केलें. १९९३ सालीं मिसूरी विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रांतील विद्यार्थ्यांच्या खटपटीनें चिल्टन व स्टीफन्स हे दोन नवे साथीदार घेऊन बिग स्टारच्या नांवानें पुन्हां रंगमंचावर आले.

त्या दिवशीं ख्रिस बेल तेथें नव्हता. बँड सोडल्यावर त्यानें पुढें वडिलांच्या उपाहारगृहांत काम केलें. हयातींत त्याच्या स्वतंत्र गाण्यांची एकच लहान तबकडी १९७८ सालीं निघाली, आणि तीही बिग स्टारचा चाहता असलेल्या एका संगीतकारानें आपल्या चिमुकल्या कंपनीतर्फे काढली म्हणून. त्याच वर्षीं २७ डिसेंबरला मोटारीच्या अपघातांत तो मरण पावला. तेव्हां त्याचें वय २७ वर्षांचें होतें. त्याच्या गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला तो १९९२ सालीं. आज त्या गाण्यांची वाखाणणी जगभर होते, पण ती ज्याला ऐकवावयाची तो नाहीं. रसिकाच्या ऋणाला मुदत असते. ती टळल्यावर केलेली फेड गाण्याला पोंचते, पुढच्या श्रोत्यांना पोंचते. गाणाऱ्याला पोंचत नाहीं.

म्हणूनच जुन्या रत्नांचा शोध घेणाऱ्यांइतकेंच, किंबहुना कांकणभर अधिक, महत्त्व आम्ही नव्या ध्वनिमुद्रिकांविषयीं लिहिणाऱ्यांस देतों. प्रत्येक नवें गाणें निघतें त्या दिवशीं उपेक्षितच असतें. आज तबकडी दुकानांत न पोंचण्याची अडचण उरलेली नाहीं. इंटरनेटवर रोज हजारोंनीं गाणीं येतात आणि घरबसल्या ऐकतां येतात. पण त्या पुरांत एक गाणें बुडून जाणें पूर्वीपेक्षां सोपें झालें आहे. आणि कोणतें गाणें पुढें करावें हें ठरविणारीं यंत्रें बव्हंशीं लोकांनीं आधीं काय ऐकलें यावरूनच तें ठरवितात. ज्याला अजून कोणीच ऐकलेलें नाहीं, त्याच्यासाठीं आजही कोणा तरी मनुष्यानेंच तोंड उघडावें लागतें.

हें काम लेखकांचेंच आहे असें नव्हे. चार ओळी लिहितां आल्या नाहींत तर एका मित्रास सांगतां येतें. गायकास दोन शब्दांचें पत्र धाडतां येतें. ऐकलेलें खरोखर चांगलें असेल तर तें वेळेवर, अतिशयोक्ति न करितां, आणि आपला हक्क न सांगतां दुसऱ्याच्या स्वाधीन करावें, एवढाच या विवेचनाचा इत्यर्थ आहे. गाणाऱ्याचें पोट यानें भरेल असें आश्वासन कोणी देऊं शकत नाहीं. मेम्फिसच्या त्या संमेलनानेंही तबकडी खपली नाहीं. पण त्या संध्याकाळच्या दादेमुळें मोडूं लागलेल्या बँडनें आणखी गाणीं केलीं, आणि तीं आज आपणांस ऐकावयास मिळतात, हें त्या श्रोत्यांच्या पदरीं पडलेलें पुण्य कमी नव्हे.