भिंतीवरचा नकाशा

जुन्या नकाशाची प्रत दिवाणखान्यात केवळ शोभेसाठी लावणे उचित आहे काय? 1949 साली सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. 1960 साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. आजोबांच्या कागदावर ‘दक्षिण सातारा’ वाचणाऱ्या नातवाने ध्यानी घ्यावे, की घराणे जागचे हलले नाही, जिल्ह्याचे नाव तेवढे बदलले. कोयनाकाठी मात्र उलट घडले. धरणाच्या शिवसागरात गावे बुडाली, माणसे परमुलखात वसली. त्या गावांचे मूळ ठिकाण आज जुन्या नकाशातच दिसते. संग्राहकाची शोभा ती विस्थापिताच्या नातवाची वंशखूण होय. म्हणून प्रत अवश्य लावावी; परंतु तो दाराशी आला, तर ती उतरवून त्याच्यापुढे ठेवावी. दुसऱ्याच्या स्मृतीचे आपण केवळ कारभारी असतो.